बोटीत पाणी भरणारा मिस्तरी

रस्त्यात कुठंही देणगीदाराची पाटी दिसली की हा माणूस थांबायचा आणि मोठ्यानं वाचायचा. बसथांब्यावरचा बाक असो, शाळेतली पाण्याची टाकी असो, नाहीतर स्मशानातली शेड. "कैलासवासी अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ, चिरंजीव तमुक यांजकडून सप्रेम भेट!" वाचून झालं की बाकाला हात जोडायचा. "बसू का मालक? का घरी जाऊन इचारून येऊ?" आळेफाट्यावर एकदा त्यानं बाकावरच्या चार माणसांना उठवलं होतं. त्यांच्या पाठींमागं पाटी झाकली गेली होती, आणि ती वाचल्याशिवाय ह्याचा पाय पुढं पडेना. लोक हसायचे. मीही हसलोय.

आता कागदावर मी 'हा माणूस' म्हणतोय. तोंडावर मात्र 'मिस्तरी' सोडून दुसरी हाक मारायची माझी छाती नव्हती.

मिस्तरी आळ्याचे, तिथल्या बौद्धवस्तीतले. बसच्या बॉडी बांधायच्या वर्कशॉपात तीस वर्षं पत्रा ठोकून निवृत्त झालेले. खाकी पँट, खाकी शर्ट, खिशात खडू आणि हातात लाकडी हातोडी. हातोडी ते बाजारातसुद्धा घेऊन जायचे. भाजीवालीनं वजनकाटा मांडला की काट्याच्या पारड्यावर टिचकन मारून बघायचे आणि मान हलवायचे. ती बिचारी उगाच घाबरून दोन वांगी जास्त टाकायची. मिस्तरी ती परत ठेवायचे. "काटा बराबर हाय बाई. मी नुस्तं ऐकत व्हतो."

त्यांचं सगळं शास्त्र कानात होतं. दोन पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटवर हातोडी मारायची, मान तिरकी करायची आणि ऐकायचं. पक्का रिव्हेट टण् वाजतो, ढिला वाजतो थोडासा फुटका. तुम्हा-आम्हाला फरक कळायचा नाही. मिस्तरी लगेच खडूनं फुली मारायचे आणि म्हणायचे, "ह्यो खोटं बोलतोय."

आमच्याकडं ते आले ते बोटीपायी. आमची वाडी जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघरच्या अलीकडं, धरणाच्या पाण्याच्या काठावर. खाचरं पाण्याखाली गेल्यावर राहिलेल्या माणसांनी मासेमारीचा गट काढला. मी बारावी झालेलो आणि अक्षर चांगलं, म्हणून सचिव झालो. वाडीत होड्या होत्या त्या ट्यूबच्या नाहीतर फळ्यांच्या. वारं सुटलं की मधल्या पाण्यात जायची कुणाची टाप नव्हती, आणि मोठा मासा तर मधल्या पाण्यातच. अशात धरण बांधताना मोजणीसाठी आणलेली एक ॲल्युमिनियमची बोट बाभळीत पडून होती, ती आमच्या गटाला मिळाली. सोळा फुटांची. आम्ही ती सरळ केली तेव्हा तिच्या पोटात एक शेळी पिलं घेऊन बसली होती.

तिचे रिव्हेट ढिले झालेले, बूड दोन जागी चिरलेलं. वेल्डिंगवाल्यांना दाखवली. एकानं हात लावला तर भोक मुठीएवढं झालं. मग राजुरीच्या एका ओळखीच्यानं सांगितलं, बसचा पत्रा ठोकणारा एक म्हातारा आहे आळ्याला. डोक्यानं सर्किट आहे, पण हात देवाचा आहे.

पहिल्याच दिवशीची गोष्ट. मिस्तरी बसनं आले, खांद्याला हत्यारांची पिशवी, काखेत वळकटी. बोटीभोवती तीन फेऱ्या मारल्या. आमच्या घरून चहा आला. गटाच्या आम्हा चौघांना कपबशा, आणि मिस्तरींना कागदाचा कप. कुणी ठरवून केलं होतं असं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ठरवावं लागतच नाही, हीच तर खरी शरमेची गोष्ट आहे. मिस्तरींनी कागदी कपाकडं बघितलं, आमच्या कपबशांकडं बघितलं. मग पिशवीतून स्वतःचा स्टीलचा ग्लास काढला, चहा त्यात ओतला, कागदी कप चुरगाळून खिशात घातला. "झाक झालाय चहा," म्हणाले. पुढं चार महिने ते आमच्या वाडीत राहिले. तो ग्लास सोडून दुसऱ्या भांड्यात त्यांनी पाणीसुद्धा प्यायलं नाही. आमची मंडळी म्हणायची, म्हातारा लहरी आहे.

काठावर जाळी ठेवायची एक खोली होती, तिथं त्यांनी मुक्काम ठोकला. कामाला मदतनीस म्हणून मीच लागलो, कारण बाकीचे दुसऱ्या दिवशीच पळाले. मिस्तरींच्या हाताखाली काम करणं म्हणजे शिव्या खाणं. बाहेरून ते रिव्हेट ठोकणार आणि आतून मी लोखंडी ठोकळा दाबून धरणार, ज्याला ते डॉली म्हणायचे. डॉली केसभर सरकली की बोटीच्या बाहेरून आवाज यायचा, "सेक्रेटरी, झोप लागली का? का मीटिंग चाललीय आत?"

मी एकदा चिडून म्हणालो, "मिस्तरी, एवढं काय? एक रिव्हेट थोडा वाकडा बसला तर कोणाला दिसणार हाय?"

"पाण्याला दिसंल," म्हणाले. "पाण्याला डोळं लई बारीक असत्यात."

बोटीच्या नाकाजवळ कुणीतरी पूर्वी एक पितळी कडी बसवली होती, दोर बांधायला. मिस्तरींनी ती उपसून काढली आणि मला जवळ बोलावलं. कडीच्या खालचा पत्रा पत्रा राहिलाच नव्हता. पांढरी भुकटी झाली होती, चुन्यासारखी. त्यांनी नखानं खरवडली तर नख आरपार गेलं.

"बघा. ॲल्युमिनियम आन् पितळ म्हंजे सवती. कोरड्यात एका घरात नांदत्याल. पाणी लागलं की एक दुसरीला खाती. आन् मरती कोण? ह्यी गरीबच मरती. पितळंला काय व्हत न्हाई. ती चकचकीतच ऱ्हाती."

मी मान डोलावली. चांगलं लक्षात राहिलं माझ्या. म्हणजे पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं असं म्हणायची सोयही मला राहिलेली नाही.

काम संपत आलं तेव्हा सगळी वाडी बघायला जमली. सगळ्यांना वाटलं, आता बोट पाण्यात घालणार. मिस्तरींनी मात्र बोट चार दगडी चौथऱ्यांवर चढवायला लावली, कमरेएवढी उंच. मग म्हणाले, "आता भरा."

"काय भरा?"

"पाणी. बोट पाण्यात न्हाई घालायची आदी. आदी पाणी बोटीत घालायचं."

लोक खो खो हसले. बायका म्हणाल्या, ह्या बाबाला उन्हानं काहीतरी झालंय. पण मिस्तरी स्वतःच हंडा घेऊन निघाल्यावर हसणं थांबलं. मग रांग लागली. काठोकाठ नाही, गुडघाभर पाणी भरलं. आणि मिस्तरी बोटीखाली गोणपाट टाकून उताणे झोपले. छातीवर खडू. दुपारपर्यंत हलले नाहीत. पाणी आत असलं की गळती बाहेर दिसते, आणि नेमकी कुठून ते कळतं, इतकं साधं ते होतं. सतरा ठिकाणी थेंब आले. सतरा फुल्या मारल्या. ते रिव्हेट पुन्हा काढून ठोकले, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा झोपले. तिसऱ्या वेळी संध्याकाळ झाली तरी खालचं गोणपाट कोरडं. मिस्तरी उठले, पाठ झाडली आणि बोटीवर थाप मारून म्हणाले, "जा बाई. आता तुज्यात खोट न्हाई."

त्यांचे डोळे भरले होते. मी बघितलं, त्यांनी ते बघितलं, आणि लगेच डॉली जागेवर ठेवली नाही म्हणून मला शिवी हासडली.

मजुरी ठरली होती तेवढीच घेतली. वर एकच अट घातली. "सेक्रेटरी, हिला आता भोक पाडायचं न्हाई. कडी नको, खिळा नको, काय नको. नाव घालायचं तर रंगानं लिवा."

"तुमचं नाव घालू का मिस्तरी? दुरुस्ती करणारे म्हणून?"

"येडे का खुळे? गाडी कुणी ठोकली ह्ये गाडीवर लिवत्यात का कधी? बिल्ला कंडक्टरला असतो. पत्रा ठोकणाऱ्याला नसतो." मग वळकटी काखेत मारून, बस यायची वेळ झाली म्हणून निघून गेले.

उद्घाटन ठरलं. तालुक्याचे एक पुढारी येणार होते, नाव सांगत नाही. त्यांनी गटाला नवी जाळी आणि लाइफ जॅकेटं दिली होती. त्यांच्या माणसाचा आदल्या दिवशी फोन आला की पाटी तयार आहे, घेऊन येतो. पाटी आली ती पितळेची. हातभर लांब, अक्षरं कोरलेली. मी म्हणालो, "भाऊ, रंगानं लिहू की." तो म्हणाला, "रंग काय, पावसाळ्यात जातोय राव. सायबांचं नाव पुसायचंय का तुमाला?"

मी पाटी वाचली. वर पुढाऱ्यांचं नाव, 'यांच्या शुभहस्ते व सौजन्याने'. मग गटाचं नाव. मग अध्यक्ष. आणि सगळ्यात खाली, सचिव म्हणून, माझं नाव. कोरलेलं. बापजन्मात माझं नाव कुठं कोरलेलं नव्हतं. बापाचं नव्हतं, आज्याचं नव्हतं, त्यांची सातबाऱ्यावरची नावंसुद्धा पाण्याखाली गेलेली. मी ते नाव दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

सकाळी इलेक्ट्रिशियन ड्रिल घेऊन आला. बोटीच्या नाकावर बाहेरच्या बाजूनं आठ भोकं पाडली, आठ पितळी स्क्रू. त्याला एकट्याला पाटी सरळ धरता येईना. मी धरली.

मिस्तरी उद्घाटनाला आले ते उशिरा, मागं उभे राहिले. पाटी त्यांना दिसली नाही, कारण नाकावर झेंडूचा हार घातला होता, आणि तो अगदी पाटीवरूनच लोंबत होता. शाल-श्रीफळ पुढाऱ्यांना, अध्यक्षांना, मला. सूत्रसंचालन मीच करत होतो. शेवटी मी 'सर्व कारागीर मंडळींचेही आभार' असं म्हणालो. कारागीर मंडळी! एकच म्हातारा होता. नाव घ्यायला माझी जीभ झडत नव्हती. पण पुढारी घड्याळ बघत होते. बोट पाण्यात गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मिस्तरी दुपारच्या बसनं निघूनही गेले. मला वाटलं, सुटलो.

बोट दोन वर्षं चांगली चालली. मधल्या पाण्यातला मासा आळेफाट्याच्या बाजारात जायला लागला. वाडीतली दोन पोरं मुंबईहून परत आली मासेमारीला. भरलेली बोट नाकानं खाली बसायची, पाटीपर्यंत पाणी यायचं. लाटेला पाटी भिजायची. ऊन पडलं की चमकायची. माझं लक्ष जायचं आणि मी दुसरीकडं बघायचो.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, वारं सुटलेल्या एका दुपारी, आमचा बाळू आणि त्याचा मेव्हणा जाळी ओढून परत येताना बोटीत पाणी भरलं. कुठून येतंय ते त्यांना कळेना. घमेल्यानं उपसलं, उपसलं, आणि बोट खालून निघून गेली. जॅकेटं होती म्हणून दोघं वाचले. मेव्हण्याला काठावर आणलं तेव्हा तो निळा पडला होता. पुन्हा कधी तो पाण्यात उतरला नाही. पाणी आटल्यावर चिखलातून बोट ओढून काढली.

गटाची सभा झाली. पुढाऱ्यांचा माणूस आला होता. म्हणाला, फायबरची नवी बोट मंजूर करून आणतो. फक्त जुनी कशानं बुडाली ते ठरावात स्पष्ट लिहा. मग तोच म्हणाला, कशानं म्हणजे काय, म्हाताऱ्यानं केलेलं काम, कच्चंच असणार. कुणीतरी म्हणालं, बोटीत पाणी भरून बघणारा माणूस तो, त्याचं काय खरं! लोक हसले. बाळू एवढंच म्हणाला, "नाकाकडून पाणी आलं व्हतं." सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण वही माझ्यापुढं होती.

मला माहीत होतं. त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. आणि मी लिहिलं, 'सदर बोट जुनी असल्याने व दुरुस्तीचे काम निकृष्ट दर्जाचे झाल्याने बुडाली.' खाली सही केली. माझ्या हातानं, माझ्या वळणदार अक्षरात. त्या माणसानं आयुष्यभर कमावलेलं होतं काय, तर फक्त नाव. त्याच्या हातचं काम गळत नाही, एवढंच. ते मी एका ओळीत पुसलं, फायबरच्या बोटीसाठी.

आठवड्यात मिस्तरी हजर. आळेफाट्यावर कुणीतरी त्यांना टोमणा मारला होता, "काय मिस्तरी, बोट बुडवली म्हणं!" आले ते सकाळच्या बसनं, तीच खाकी, तीच पिशवी. मला बघून म्हणाले, "सेक्रेटरी, चौथरं लावा."

मी आणि ते, दोघंच. बोट चौथऱ्यांवर चढवायला बाळूला बोलावलं, तो चढवून गेला. मग मिस्तरींनी हंडा उचलला. सत्तरी ओलांडलेला माणूस, काठावरून चढण चढून पाणी आणत होता, मधे थांबत होता, छातीवर हात दाबत होता. मी दुसरा हंडा घेतला.

पाणी गुडघाभर झालं. ते गोणपाटावर झोपले. बूड कोरडं. दोन्ही कडा कोरड्या. एकूण एक रिव्हेट कोरडा. आणि नाकावर, पाटीच्या खालच्या कडेवरून, पाण्याची एक बारीक धार सरळ जमिनीवर पडत होती.

मिस्तरी उठले. पेचकस काढला. पाटी सुटायला वेळ लागला नाही, स्क्रूंना धरायला मागं काही उरलंच नव्हतं. पाटी त्यांच्या हातात आली आणि पाणी भसकन बाहेर पडलं, त्यांच्या अंगावरून. पाटीमागं तीच पांढरी भुकटी. आठ भोकांतली पाच मिळून एकच भगदाड झालेलं. पाटीला मात्र काही झालं नव्हतं. त्यांनी ती शर्टाला पुसली, उन्हात धरली आणि वाचायला सुरुवात केली. खड्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करून. पुढारी. सौजन्य. गट. अध्यक्ष. आणि मग माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

"कुणी लावली?"

"इलेक्ट्रिशियन आला होता," मी म्हणालो.

त्यांनी मान तिरकी केली. रिव्हेट ऐकताना करायचे तशी. "लई सरळ लावलीय," म्हणाले. "एकट्याला एवढी सरळ लावता येत न्हाई. दुसऱ्या कुणीतरी धरली असंल."

त्या वेळी पाय धरले असते तरी चाललं असतं. नुसतं 'चुकलं' म्हणालो असतो तरी त्यांनी चार शिव्या घालून मोकळं केलं असतं मला. पण माझी मान वरच होईना.

"तुमी वहीत कायतरी लिवलंय म्हणं. बघू द्या."

मी घरातून वही आणली. काय करणार? त्यांनी चष्मा लावला, ठराव वाचला. पाट्या मोठ्यानं वाचणारा हा माणूस, तो ठराव मनातल्या मनात वाचला त्यांनी. मग वही मिटून माझ्या हातात दिली.

"अक्षर चांगलंय तुमचं," म्हणाले.

पाटी बोटीत ठेवली, पेचकस पिशवीत टाकला आणि ओल्या कपड्यांनीच बस गाठायला निघून गेले. ग्लास त्यांनी त्या दिवशी बाहेरसुद्धा काढला नव्हता.

त्यानंतर त्यांनी कुणाचं काम घेतलं नाही. लोक म्हणायचे, बोट बुडाली तेव्हापासून म्हातारा खचला, हातातलं कसब गेलं त्याचं. मी ते ऐकत होतो. फायबरची बोट आली. तिच्यावर पाटी चिकटवून मिळाली, भोक पाडायला लागलं नाही.

मिस्तरी गेल्या माघात वारले. मला उशिरा कळलं. आळ्याला भेटायला गेलो. घरी त्यांची मुलगी होती, जुन्नरला दवाखान्यात नर्स आहे. बाहेर ओट्यावर हातोडी ठेवलेली, पिशवी खुंटीला. तिनं मला आत बोलावलं, खुर्ची पुसून दिली, आणि चहा आणला. कपबशीत. नवी कोरी कपबशी, कडेला सोनेरी रेघ असलेली. स्वतः खाली चटईवर बसली.

"काका, तुमी तिथं व्हता ना? बाबा तुमचं नाव घ्यायचे, सेक्रेटरी म्हणून. एक इचारू का?" तिनं पदरानं हात पुसले. "लोक म्हणत्यात, शेवटच्या कामात बाबांचा हात चुकला. बाबा कधीच काय बोलले न्हाईत. मी इचारलं तरी न्हाईत. खरंच चुकला व्हता का?"

ती माझ्याकडं बघत होती. मान थोडी तिरकी. बापासारखीच.

मी कप हातात धरून बसलो होतो. एक वाक्य होतं. पोरगी आयुष्यभर मान ताठ ठेवून चालली असती.

"बोट लई जुनी व्हती, ताई," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. मी चहा संपवला, कपबशी खाली ठेवली आणि बस यायची वेळ झाली म्हणून उठलो.

हे सगळं काल बसून वहीत लिहून काढलं. त्याच वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं. अक्षर अजून चांगलं आहे माझं.